३१ डिसेंबरला गच्चीवर पार्टी, माझ्या वाट्याला अंड्याचं स्टार्टर. ३५ माणसं, दोन बर्नर. काय करू?

चौथा_मजला

नमस्कार मंडळी. आमच्या लालबागच्या बिल्डिंगमध्ये ३१ च्या रात्री गच्चीवर सगळ्यांचं एकत्र जेवण असतं. चाळ होती तेव्हापासूनची पद्धत आहे, टॉवर झाला तरी मोडलेली नाही. प्रत्येक घराने एक पदार्थ आणायचा आणि कोणी काय ते चिठ्ठ्या टाकून ठरतं. बिर्याणी सातव्या मजल्यावर गेली, सोलकढी आमच्या समोरच्या काकूंकडे गेली. माझ्या चिठ्ठीत निघालं 'अंड्याचं स्टार्टर, जरा पार्टीसारखं'. त्यातलं 'जरा पार्टीसारखं' वाचून मी गार झालो. मला भुर्जी येते, आम्लेट येतं, संपलं.

परिस्थिती सांगतो. बायको नर्स आहे, त्या दिवशी तिची दुपारची ड्यूटी, ती थेट गच्चीवरच येणार. मी घरून काम करतो आणि चार वाजता सुटेन. शेगडी दोन बर्नरची, ओव्हन नाही, फ्रिज एका दाराचा. मिक्सर आहे. आईच्या म्हणण्यानुसार पुरणयंत्र माळ्यावर आहे. आई सल्ले देईल, पण तिचे गुडघे दुखतात, तिला ओट्यापाशी उभं करणार नाही.

व्हिडिओ बघून बघून डोकं फिरलं. सगळीकडे ते डेव्हिल्ड एग: उकडलेलं अंडं अर्धं करायचं, बलक काढून मेयो, मोहरीची पेस्ट आणि व्हिनेगर घालून घोटायचा, परत भरायचा, वर पाप्रिका. दिसतं छान. पण मेयो आमच्या लोकांना रुचेल का? आणि मुळात अंडी नीट सोलायची कशी? माझ्याकडून सालाबरोबर निम्मं पांढरं निघून येतं आणि अंडं चंद्राच्या फोटोसारखं दिसतं. एक-दोन अंड्यांचं चालतं, पन्नास अंड्यांचं काय करू?

कुर्ला_टू_ठाणे

भावा, कशाला एवढा ताप घेतोस. अंडा चाट कर. उकडलेली अंडी, कांदा, चिंचेची चटणी, हिरवी चटणी, शेव, विषय संपला. कागदी द्रोणात दे. पार्टीत लोकांचं लक्ष ग्लासाकडे असतं, प्लेटकडे कोण बघतंय.

प्रभादेवीची_मावशी

अरे चौथा मजला, चाटच्या नादी लागू नकोस. चाट जागच्या जागी करून द्यावी लागते. म्हणजे सगळी बिल्डिंग गप्पा मारणार आणि तू कोपऱ्यात उभा राहून शेव भुरभुरत बसणार. ताटं आधी तयार असली की रात्री तुझे हात मोकळे.

मी बरीच वर्षं घरून पार्टीच्या ऑर्डरी केल्या, नाताळ ते ३१ हाच आमचा हंगाम. तेव्हा ऐक. दोनच पदार्थ कर. एक भरलेली अंडी, पण दोन रंगांची. दुसरा अंड्याची सुरळी. दोन्ही गार खायचे आहेत, म्हणून दोन्ही आधी करता येतात. गच्चीवर तळण घेऊन जायचं मनातसुद्धा आणू नकोस. कटलेट कितीही चांगलं असलं तरी लिफ्टमधून वर जाईपर्यंत त्याचं कवच मऊ पडतं.

आधी हिशोब. ३५ माणसं, त्यातली सात-आठ अंडं न खाणारी धर. उरली २७. माणशी तीन अर्धी धरली की ८० च्या आसपास अर्धी होतात, म्हणजे ४० अंडी. फाटातुटीला ५. सुरळीला ८. एकूण ५३, म्हणजे ३० चे दोन ट्रे घे. जी सात उरतील त्यांची १ तारखेला सकाळी भुर्जी कर, ती तुला येते असं तूच म्हणालास.

आता सोलण्याचं. तुझ्या हाताला काही झालेलं नाही, अंडी ताजी असतात म्हणून असं होतं. ताज्या अंड्याचं पांढरं आतल्या पापुद्र्याला घट्ट धरून बसतं. दिवस जातात तसा सालाच्या बारीक छिद्रांतून आतला कार्बन डायऑक्साइड बाहेर जातो, पांढऱ्याचा आंबटपणा कमी होतो आणि पकड सुटते. म्हणून अंडी २५ तारखेलाच आणून फ्रिजमध्ये ठेव. ३० ला आणशील तर रडशील.

दुसरी गोष्ट, गार पाण्यात अंडी घालून गॅस लावायचा नाही. हळूहळू तापलं की पांढरं पापुद्र्याला चिकटून शिजतं. एकदम उष्णता बसली पाहिजे. सगळ्यात सोपं म्हणजे वाफ. मोदकपात्र आहे ना घरी? पाण्याला खळखळून उकळी आली, वाफ भरली, की चाळणीत अंडी एका थरात मांडायची, झाकण लावायचं, १२ मिनिटं. एका वेळी १५ बसतात. म्हणजे तीन घाणे. बाजूला बादलीभर पाणी आणि बर्फ तयार ठेव, काढलेली अंडी थेट त्यात. गार पाण्यात टाकलं नाहीस तर आतल्या उष्णतेने अंडं शिजतच राहतं आणि बलकाभोवती हिरवट-करडी कड येते. खायला काही होत नाही, पण तुझ्या चिठ्ठीत 'पार्टीसारखं' लिहिलंय.

सोलताना जाड टोकाकडून सुरुवात कर. तिथे हवेची पोकळी असते, तिथे ठोकलं की पापुद्रा बोटाला लागतो. तो पापुद्रा हाती लागला पाहिजे, नुसतं साल नव्हे. मग अंडं पाण्याखाली धरून अंगठा आत सरकवायचा, पाणी आपोआप वाट काढतं. सोललेली अंडी डब्यात, वर ओलं फडकं, झाकण, फ्रिज. हे सगळं ३० च्या संध्याकाळी.

कापायला सुरी वापरशील तर प्रत्येक कापाला ओल्या फडक्याने पूस, नाहीतर पांढऱ्यावर पिवळे ओरखडे उठतात. मी दोरा वापरते. शिवायचा कोरा, पक्का दोरा, दोन्ही हातांत ताणून धरायचा, अंड्यावर दाबायचा. असा काप सुरीने येत नाही. उभं काप. आणि प्रत्येक अर्ध्याच्या पाठीवरून पातळशी चकती उडव, म्हणजे बूड सपाट होतं आणि ताटात अंडं घरंगळत नाही. त्या चकत्या सारणात घालू नकोस, गुठळ्या होतात. त्या आईला मीठ-मिरपूड लावून दे.

बलक पुरणयंत्रातून काढ. मिक्सर नको, मिक्सरमध्ये तो चिकट होतो. पुरणयंत्रातून रव्यासारखा मोकळा उतरतो. मग त्याचे दोन वाटे कर.

हिरवा: २० बलकांना पाऊण वाटी चक्का, दोन मोठे चमचे घरचं पांढरं लोणी, कोथिंबीर-मिरची-लसणीची वाटलेली चटणी तीन मोठे चमचे, लिंबू, मीठ, चिमूटभर साखर. चटणी पाणी न घालता वाट आणि गाळणीवर दाबून घे, नाहीतर सारण पळतं. आणि एक चमचा मोहरी फेसून घाल. मोहरीची पूड, थोडं पाणी, चमच्याने फेसत राहायचं, नाकात झणका आला की झालं. त्या परदेशी मोहरीच्या पेस्टने हा झणका येत नाही. वर डाळिंबाचे दोन दाणे.

लाल: २० बलकांना अर्धी वाटी मऊ लोणी, तीन-चार चमचे दूध, आणि वडापावची सुकी लसणीची चटणी. घरी कर किंवा वडेवाल्याकडून आण, पण ती मिक्सरला पुन्हा एकदा फिरव. सारण आपण प्लास्टिकच्या कोनाने भरणार, आणि खोबऱ्याचा एक जाड कण त्याच्या तोंडात अडकला की सारण मागून बाहेर येतं आणि भिंतीवर जातं. वर तळलेलं कढीपत्त्याचं पान, आणि अगदी आयत्या वेळी बटाट्याची सळी, पारशांकडे असते तशी बारीक. सळी आधी घातलीस तर मऊ पडेल.

मेयोचं विचारलंस. मला ती अंड्यावर अंड्याचंच लिंपण केल्यासारखी वाटते. चक्क्याने आंबटपणा येतो आणि आपल्या माणसांना तो ओळखीचा असतो.

सुरळी: ८ अंडी, दोन मोठे चमचे कॉर्नफ्लॉवर चार मोठे चमचे दुधात कालवून, मीठ, हळद. सगळं गाळून घे. नॉनस्टिक तव्यावर मंद आचेवर अगदी पातळ पसरव. उलटायचं नाही, झाकण ठेवून वरून कोरडं झालं की काढायचं. गरम आहे तोवर हिरवी चटणी पुसटशी लावायची, ओलं खोबरं, कोथिंबीर, बारीक मिरची पेरायची आणि घट्ट गुंडाळायचं. गार झालं की बोटभर रुंद तुकडे. वर तेल, मोहरी, तीळ आणि हिंगाची फोडणी चमच्याने सोडायची. बेसनाची सुरळीची वडी येत नाही म्हणून बायका घाबरतात. ही त्याच्या पाव कष्टात होते. पण ही ३१ लाच कर, ओल्या खोबऱ्यावर रात्रभर विश्वास टाकायचा नाही.

कुर्ला_टू_ठाणे

मावशी, तुम्ही चाटचा पार निकाल लावला. पण लसणीची चटणी आणि सळी हे कॉम्बो मी चोरतोय.

चौथा_मजला

मावशी, एवढं सविस्तर लिहिलंत, आईला वाचून दाखवलं. ती म्हणाली, 'मोहरी फेसायला मी बसल्या बसल्या करेन.' पुरणयंत्र शोधायला माळ्यावर चढतो.

दोन शंका. आमच्याकडे अंडं न खाणारे तीन प्रकारचे आहेत. दुसऱ्या मजल्यावर जैन कुटुंब, पाचव्यावर माळकरी आजोबा, आणि काहीजण वार पाळतात. त्यांच्यासाठी चिठ्ठी दुसऱ्यांकडे आहे, पण माझं ताट बघून त्यांना वाटू नये की आपल्याला वेगळं काढलं. आणि दुसरं, हे सगळं एका दाराच्या फ्रिजमध्ये मावणार कसं आणि वर किती वेळ टिकणार?

लॅबवाली

टिकण्याबद्दल मी सांगते, अन्नतपासणी हे माझं रोजचं काम आहे.

भरलेली अंडी फ्रिजबाहेर दोन तासांच्या वर ठेवू नका. ५ ते ६० अंश सेल्सियसच्या मध्ये जंतू भराभर वाढतात, आणि मुंबईत डिसेंबरची रात्र आपल्याला गार वाटली तरी ती या पट्ट्यातच येते. सालासकट उकडलेली अंडी फ्रिजमध्ये आठवडाभर राहतात, सोललेली मात्र दुसऱ्या दिवशीपर्यंत संपवा. मावशींचा ३० संध्याकाळचा बेत बरोबर बसतो.

सगळी ताटं एकदम वर नेऊ नका. निम्मी नऊला, निम्मी साडेदहाला. परातीत बर्फ, त्यावर ताट, असं मांडलं तर आणखी बरं. सारण ३० लाच करून पिशवीत भरून फ्रिजमध्ये ठेवा, पिशवी कुठेही खुपसता येते. पांढऱ्या वाट्या चपट्या डब्यांत. जागा फार लागत नाही. भरायचं काम तेवढं साडेसातनंतर.

आणि बर्फ. अंडी गार करायला मासळीवाल्याकडचा किंवा कारखान्याच्या लादीचा बर्फ आणू नका. लोकांना वाटतं साल आहे ना मध्ये. पण गरम अंडं गार होताना आतली हवा आकसते आणि सालाच्या छिद्रांतून बाहेरचं पाणी आत ओढलं जातं. खाण्यासाठी नसलेल्या बर्फात निळा रंग घालायचा नियम आहे तो याचसाठी. घरचा बर्फ २५ पासून साठवायला लागा.

अंडी आणल्यावर धुऊन ठेवायची सवय असेल तर तीही सोडा. सालावर एक नैसर्गिक थर असतो, धुतला की छिद्रं उघडी पडतात. वाफवायच्या आधी धुवा.

मेयो वापरायचीच असेल तर बाजारातली बंद बाटलीतली. कच्च्या अंड्याची घरगुती मेयो ३५ माणसांना खिलवू नका, त्यात लहान मुलं आणि आजी-आजोबा असतील.

वसई_लोकल

मावशीबाय, सगळं मान्य, एक चक्का सोडून. नाताळच्या दिवसांत अंड्यात दही? आमच्या वसईत कोणी ऐकलं तर हसतील.

आम्ही बाटली मसाला घालतो. उन्हाळ्यात सगळ्या मिरच्या-मसाले भाजून कुटायचे आणि गडद रंगाच्या बाटल्यांत ठासून भरायचे, तो वर्षभर पुरतो. ईस्ट इंडियन, म्हणजे मुंबई-वसईकडच्या जुन्या ख्रिस्ती घरांत प्रत्येकाचा हात वेगळा. भरलेल्या अंड्यासाठी कांदा एकदम बारीक चिरून लोण्यात लाल करायचा, त्यात बाटली मसाला, आच बंद करून व्हिनेगरचे थेंब, मग बलक. वीस बलकांना दीड चमचा मसाला पुरे. कांदा कोनातून जात नाही, हे सारण चमच्यानेच भरायचं. दिसायला मावशीच्या अंड्याइतकं नीटनेटकं नाही, पण पहिलं ताट याचं संपतं.

आणि दादा, तुला पार्टीसारखं पाहिजे ना, तर फुगे आण. मैदा, अंडी, नारळाचं दूध, पूर्वी ताडीवर आंबवायचे, आता यीस्ट. हाताने पिळून तेलात गोळे सोडायचे, ते फुगून वर येतात. बांद्र्याच्या जुन्या गावठाणात आणि आमच्याकडे घरून ऑर्डर घेणाऱ्या बाया आहेत, पण नाताळच्या दिवसांत त्यांना मान वर करायला फुरसत नसते, आधीच सांगून ठेव. फुगा मधून अर्धा फाडायचा, आत हेच सारण, कोथिंबिरीचं पान. गार झाला तरी चालतो. गच्चीवर एका हातात ग्लास असताना दुसऱ्या हाताने खाता येतं, ताटली लागत नाही.

प्रभादेवीची_मावशी

वसईकर, बाटली मसाल्यापुढे माझं काही चालायचं नाही, ते मला माहीत आहे. फुग्याची कल्पना झकास आहे. पण हा मुलगा पहिल्यांदाच करतोय. २५ ते ३१ मध्ये बाटली मसाला आणि फुगे शोधत वसईला जाईल की अंडी सोलेल? मिळालेच तर लाल सारणाच्या जागी तुमचं घालावं. कांदा मात्र इतका परतायचा की ओल राहता कामा नये, नाहीतर दोन तासांत पांढऱ्यात पाणी सुटतं.

आता चौथा मजला, तुझी पहिली शंका.

वार पाळणाऱ्यांचं सोपं. कालनिर्णय काढ आणि ३१ ला कोणता वार येतो ते बघ. गुरुवार असेल तर मार्गशीर्ष चालू आहे का तेही बघ, कारण मार्गशीर्ष दरवर्षी सरकतो. कधी डिसेंबरच्या मध्यावर आटोपतो, अधिक महिना आला की जानेवारीत शिरतो. मार्गशीर्षातला गुरुवार असला तर अर्धी बिल्डिंग अंड्याला हात लावणार नाही आणि तुझे दोन ट्रे तुलाच खावे लागतील. एका घरी मी हे न बघता दिलेली ऑर्डर जशीच्या तशी परत आलेली पाहिली आहे. ऑर्डर देणाऱ्या बाईंनीच महिना पाहिला नव्हता आणि घरात सासूबाईंचं उद्यापन.

माळकरी आजोबांसाठी: छोटे बटाटे, लिंबाएवढे, उकडून अर्धे कर, स्कूपने मधून पोकळ कर आणि त्यात तेच हिरवं सारण, फक्त बलकाच्या जागी बटाट्याचा काढलेला गर आणि पनीर. लसूण-कांदा आजोबांना चालतो का ते विचारून घे. दिसायला हुबेहूब तसंच दिसतं. आणि म्हणूनच सांगते, अंड्याच्या ताटाशेजारी ते ठेवायचं नाही. अंधारात, गाणी चालू असताना, कोणी चुकून उचलला म्हणजे? वेगळं टेबल, वेगळा चिमटा. बटाट्याला साल ठेव, म्हणजे कडेने तपकिरी दिसेल आणि लांबून कळेल.

जैन घराला बटाटाही नाही, लसूणही नाही. त्यांना कच्च्या केळ्याच्या जाड चकत्या उकडून, मधे खळगा करून, कोथिंबीर-मिरची-खोबऱ्याचं सारण. हे सारण आधी कर, ओटा, पुरणयंत्र, हात सगळं कोरं असताना. अंड्याचं काम नंतर. आणि त्यांना आधी जाऊन सांग की मी असं असं वेगळं करणार आहे. पुष्कळदा ते म्हणतील, आमचं आम्ही आणतो. मग त्यांचं ऐक. आग्रह करून कोणाची पंचाईत करू नये.

भांडी घासताना आधी गार पाणी. गरम पाण्याने अंडं भांड्याला शिजून चिकटतं आणि वशट वास तिथेच राहतो. गार पाण्याने धुऊन मग बेसन किंवा लिंबाची साल.

कुर्ला_टू_ठाणे

बटेराची अंडी घेतली तर? सुपरमार्केटला बघितली, छोटी, ठिपक्यांची, एकदम पार्टी.

प्रभादेवीची_मावशी

सोलायला तू येणार असशील तर घेऊ दे त्याला. माणशी चार धर आणि मोज.

कुर्ला_टू_ठाणे

नाही म्हणजे, आयडिया मागे घेतो.

चौथा_मजला

अपडेट देतो. ३१ ला गुरुवार नाही, आई निश्चिंत. जैन काकूंना विचारलं, त्या म्हणाल्या कच्च्या केळ्याचं त्या स्वतः करून आणतील, मी फक्त जागा ठेवायची. माळकरी आजोबा म्हणाले, 'कांदा-लसूण नको, बाकी तू काय देशील ते.' म्हणजे त्यांच्या सारणात लसूण वगळून आलं घालतो.

बेत असा: २५ ला दोन ट्रे. २९ ला सुकी चटणी मिक्सरला फिरवून डब्यात. ३० ला आधी आजोबांचे बटाटे आणि सारण, मग अंडी वाफवणं, सोलणं, दोन्ही सारणं. ३१ ला चारनंतर सुरळी, साडेसातला भरणं, नऊला पहिली निम्मी ताटं वर. वसईकर, ऑफिसात एक मित्र तुमच्या वसईजवळच्या नायगावचा आहे, त्याच्या आईकडे बाटली मसाला नक्की असणार. वाटीभर मिळाला तर दहा अंडी तुमच्या पद्धतीने.

कोनाचं विचारायचं राहिलं. दुधाची पिशवी धुऊन चालेल?

लॅबवाली

दुधाची पिशवी नको. कितीही धुतली तरी शिवणीत दूध राहतं.

प्रभादेवीची_मावशी

शिवाय ती शिवणीवरच फाटते. केकच्या सामानाच्या दुकानात जाड प्लास्टिकचे कोन मिळतात, क्रॉफर्ड मार्केटपर्यंत जायची गरज नाही, दादर-परळलाही मिळतील. टोक कापताना करंगळी जाईल एवढं काप. बारीक कापलंस तर हात दुखेल. आणि लोण्याचं लाल सारण फ्रिजमधून अर्धा तास आधी काढ, घट्ट असताना दाबलंस की कोन फुटतो. हिरवं मात्र शेवटपर्यंत गार.

अंड्यांच्या ट्रेवर चिठ्ठी लाव. नाहीतर २८ ला कोणीतरी आम्लेट करेल.

वसई_लोकल

नायगावचा मसाला थोडा जहाल असतो हां दादा. दीड नको, एक चमचा घाल आणि चाखून बघ. मेरी ख्रिसमस सगळ्यांना, आगाऊ.

चौथा_मजला

लिहून घेतलं. चिठ्ठी लावतो. पुरणयंत्र सापडलं मावशी, पण आतली बारीक जाळी गायब आहे, नुसती मोठ्या भोकांची आहे. चाळणीतून काढलं तर चालेल का?

प्रभादेवीची_मावशी

चालेल. रव्याची घे, मैद्याची नको, तिच्यातून बलक उतरत नाही. वाटीच्या बुडाने दाबत जा, आणि बलक पूर्ण गार झाल्यावरच.